रिपोर्टमधला मेंदू आणि चुकवलेली गोळी

वाचकाचं पत्र

माझं वय ६६. कराडला राहते. हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे, आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दिवाळीच्या आधी मला चक्करचा त्रास सुरू झाला. पलंगावर कूस बदलली की खोली गरकन फिरायची. फॅमिली डॉक्टरांनी खबरदारी म्हणून मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. पुढे कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान एका बाजूला वळवून मला झटकन आडवं केलं, मग दुसऱ्या कुशीवर, मग उठवलं, आणि दोन खेपांत चक्कर थांबली. पण तोवर एमआरआयच्या रिपोर्टने झोप उडवली होती. त्यात ‘वयोमानानुसार सौम्य सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी’ आणि ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फॅझेकास ग्रेड वन’ असं लिहिलंय. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, म्हणजे मेंदू सुकत चाललाय.

माझं माहेर निपाणीचं. आईला वयाच्या ऐंशीनंतर स्मृतिभ्रंश झाला, सात वर्षं तशी काढली. शेवटी मलाच विचारायची, “बाई, तुम्ही कुणाच्या?” मीही हल्ली नावं विसरते. परवा जुना विद्यार्थी भेटला. तो कुठल्या बाकावर बसायचा, वर्गमूळ काढताना कुठे चुकायचा, सगळं आठवलं. नाव रात्री नऊ वाजता आठवलं.

मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याने एमआरआयच्या फाइली कुठल्याशा संगणक-प्रणालीला दिल्या, तिने माझ्या मेंदूचं वय ७३ काढलं. आता तो म्हणतो, मुंबईला जाऊन अमायलॉइड पेट स्कॅन कर, नवीन औषधं आली आहेत, आणि एमआरआय दर वर्षी कर. खर्चाचं बघू नको म्हणतो. बीपीची गोळी सहा वर्षं चालू आहे, पण चक्कर तिच्यानेच येते असं वाटून मी ती आठवड्यातून दोन-तीनदा चुकवते. परवा १५४/९२ भरलं. मी काय करू? रिपोर्टचा फोटो सोबत आहे.

– निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर

नमस्कार बाई,

(हायस्कूलच्या शिक्षिकेला काकू म्हणायला माझी जीभ वळत नाही.)

तुमच्या पत्रात मला खरोखर खटकलेली गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे, आणि ती मेंदू सुकण्याची नव्हे. तिच्याकडे येतेच. पण आधी रिपोर्ट घेऊ, कारण तो डोक्यातून उतरल्याशिवाय बाकीचं तुमच्या कानावरून जाईल.

नोकरीभर मी असेच रिपोर्ट लिहिले, म्हणून ते कसे लिहिले जातात ते सांगते. रेडिओलॉजिस्टसमोर दोन पडदे असतात, त्यांवर एका पेशंटच्या काही शे प्रतिमा. कोपऱ्यात नाव, वय, लिंग. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच शब्द: ‘चक्कर’ किंवा ‘डोकेदुखी’. पेशंट बाहेर बाकावर असतो नाहीतर घरी गेलेला असतो. तो घरचा हिशोब कसा ठेवतो, भाजीवाल्याशी घासाघीस करतो का, एसटीचं वेळापत्रक त्याला पाठ आहे का, यातलं काहीही पडद्यावर दिसत नाही. म्हणून रिपोर्टच्या तळाला ‘रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे’ अशा अर्थाची ओळ असते. तीच नेमकी कुणी वाचत नाही. साठीपुढच्या माणसाच्या रिपोर्टात ‘वयोमानानुसार सौम्य अ‍ॅट्रॉफी’ हे शब्द इतक्या नेमाने येतात, की अनेक ठिकाणी ते साच्यातच घालून ठेवलेले असतात. सांगायचं असतं ते एवढंच: मेंदूच्या वळ्यांमधल्या खाचा थोड्या रुंद झाल्यात, आतले द्रवाचे कप्पे थोडे मोठे झालेत, आणि या वयात ते अपेक्षितच आहे. ६६ वर्षांच्या बाईंचा मेंदू पंचविशीतल्यासारखा दिसला असता, तर मी उलट नाव-वयात काही घोळ झालाय का ते आधी बघितलं असतं.

फोटोतला रिपोर्ट मी दोनदा वाचला. तुम्ही पत्रात उतरवलेल्या दोन ओळींच्या मधोमध आणखी एक ओळ आहे. त्यात लिहिलंय, की दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस आकाराने ठीक आहेत, एमटीए स्कोअर शून्य. तुम्ही ती ओळ सोडून दिलीत, कारण तिच्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मला विचाराल तर आईच्या आजाराशी संबंध असलेली रिपोर्टातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. कानशिलांच्या आत, मेंदूच्या तळाकडच्या भागात दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस असतो. नवीन आठवण पक्की करायचं काम बरंचसं त्याच्याकडे आहे, आणि अल्झायमरमध्ये नेहमीच्या क्रमाने आधी आकसतो तो हाच भाग. १९९२ साली नेदरलंड्सच्या फिलिप शेल्टेन्स आणि सहकाऱ्यांनी तो नजरेने मोजायची शून्य ते चार अशी पट्टी बसवली, तीच ही एमटीए. तुमचा आकडा शून्य. याने पुढच्या वीस वर्षांची हमी मिळते का? नाही. पण आज तुमच्या मेंदूत आईच्या आजाराची खूण दिसते का, एवढंच विचाराल तर या स्कॅनमध्ये ती दिसत नाही.

आता आकसण्याबद्दल. २०२२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक मोठं काम आलं. जगभरातल्या संशोधकांनी आपापल्याकडचे मेंदूचे स्कॅन एकत्र केले: १,०१,४५७ माणसांचे १,२३,९८४ एमआरआय, गर्भातल्या बाळापासून शंभरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत. अंगणवाडीत बाळाच्या वजनाचा तक्ता असतो ना, आडवं वय, उभं वजन आणि मधून जाणाऱ्या वक्र रेषा, तसा तक्ता त्यांनी मेंदूचा काढला. त्यात दिसलं, की मेंदूच्या बाहेरच्या थरातलं करडं द्रव्य सहाव्या वर्षाच्या आसपासच सर्वांत जास्त असतं. पहिलीच्या वर्गात! आतलं पांढरं द्रव्य, म्हणजे मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचं जाळं, तिशीच्या जरा आधी कळसाला पोहोचतं. त्यानंतर दोन्ही रेषा उतरतात. तुम्ही दहावीच्या वर्गाला वर्गसमीकरणं शिकवत होतात तेव्हाही तुमची रेषा उतरतच होती, आणि पोरांना त्याचा काही फायदा झाला असेल असं वाटत नाही.

प्रश्न असतो तो उतरण्याच्या वेगाचा. अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका पाहणीत निरोगी ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस वर्षाला सुमारे १.४ टक्के आकसताना दिसला, तर अल्झायमर झालेल्यांचा सुमारे ४.७ टक्के. वेग काढायला दोन मोजमापं लागतात आणि मध्ये काळ जावा लागतो, हे गणिताच्या शिक्षिकेला मी काय सांगणार. तुमच्याकडे एकच स्कॅन आहे. म्हणून त्याची फिल्म नव्हे, सीडी जपून ठेवा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर सगळी. पुढे कधी गरज पडलीच तर तुलना त्याच्याशीच होईल, आणि शक्यतो त्याच मशीनवर, कारण मशीन बदललं की मोजमापही थोडं बदलतं.

यावर मुलगा म्हणेल, म्हणूनच तर दर वर्षी करायला सांगतोय. त्याच्याशी मी सहमत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे शरीराला त्रास नाही हे खरं. त्रास होतो तो सापडणाऱ्या गोष्टींचा. नेदरलंड्समधल्या रॉटरडॅम शहरात २,००० धडधाकट प्रौढांचे मेंदू तपासले, सरासरी वय ६३. त्यांतल्या ७.२ टक्के लोकांच्या मेंदूत झटका येऊन गेल्याची खूण सापडली, ज्याचा त्यांना पत्ताच नव्हता; १.८ टक्के लोकांच्या रक्तवाहिनीला फुगा होता, १.६ टक्के लोकांना साध्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठी होत्या. अशा बऱ्याच गोष्टी माणसाबरोबर निमूटपणे राहतात आणि त्याच्याबरोबरच जातात. एकदा कळल्या, की मात्र दर सहा महिन्यांनी स्कॅन आणि रोज रात्री छातीत धडधड. लक्षण नसताना नेमाने मेंदू उघडून बघण्यात तुमचा फायदा मला दिसत नाही.

‘मेंदूचं वय ७३’ या प्रकाराने मला राग आला, तो मुलावर नव्हे. ही कल्पना संशोधनातून आली आणि तिथे तिचा उपयोगही आहे. हजारो स्कॅन आणि त्या माणसांची वयं संगणकाला शिकवायची, मग नवीन स्कॅन दाखवून वय ओळखायला लावायचं. हजार मधुमेहींच्या मेंदूंचं वय हजार निरोगी माणसांपेक्षा सरासरीने जास्त निघालं, तर मधुमेह मेंदूला काय करतो याचा धागा हाती लागतो. पण चांगल्या प्रणालीचाही अंदाज निरोगी माणसाबाबत सरासरी तीन ते पाच वर्षांनी चुकतो. सरासरी म्हणजे कुणाबाबत एका वर्षाने, तर कुणाबाबत आठ. ६६ च्या जागी ७३ हा आकडा त्या चुकीच्या पट्ट्यातच बसतो. गटाच्या सरासरीवरून एका विद्यार्थ्याचे गुण सांगायला निघालेल्याला तुम्ही वर्गात काय सुनावलं असतं, तेच या आकड्याला सुनवा.

शिवाय ती प्रणाली कुणाच्या मेंदूंवर शिकली, हाही प्रश्न आहे. या क्षेत्रातला मोठा साठा पाश्चात्त्यांचा आहे. अमेरिकेतला एडीएनआय हा अल्झायमर-प्रतिमांचा प्रकल्प २००४ पासून चालू आहे. यूके बायोबँकेने २०१४ पासून एक लाख लोकांच्या स्कॅनचं लक्ष्य ठेवलं आणि २०२५ मध्ये गाठलंही. आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० तरुण भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. त्यात आपल्या मेंदूची लांबी, रुंदी आणि उंची पाश्चात्त्य नकाशापेक्षा सरासरीने कमी भरली. याचा बुद्धीशी काडीचा संबंध नाही, पण परदेशी मापाने आपला मेंदू मोजला तर तो उगाचच ‘आकसलेला’ ठरू शकतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांमध्ये हजारो लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतंय, स्कॅनसकट. तुमच्या माझ्यासारख्यांची खरी मापं अशा कामातून येतील.

पेट स्कॅनबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण मुलगा चुकीचं बोलत नाहीये, चुकीच्या माणसासाठी बोलतोय. १९०६ साली जर्मनीत आलोइस अल्झायमर यांनी ऑगस्टे नावाच्या बाईंच्या मेंदूत दोन गोष्टी दाखवल्या: पेशींच्या बाहेर साचलेले चिकट पुंजके आणि पेशींच्या आतले गुंते. पुंजके अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे, गुंते टाऊ नावाच्या. दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली, माणूस गेल्यावर. जवळपास पुढची शंभर वर्षं हा आजार खात्रीने ओळखायचा तर मृत्यूनंतरच, अशी स्थिती होती. मग अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये अमायलॉइडला चिकटणारा रेणू तयार झाला, त्याला किरणोत्सारी कार्बन जोडला, आणि २००२ साली स्वीडनमधल्या उप्साला इथे पहिल्यांदा जिवंत पेशंटच्या मेंदूतलं अमायलॉइड पडद्यावर दिसलं. २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हाच तो अमायलॉइड पेट स्कॅन. तो कार्बन वीस मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे बनवणारं यंत्र शेजारीच लागायचं. नंतर आलेल्या रेणूंमधलं फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ते शहरातल्या शहरात नेता येतं. प्रतिमांच्या जगात काम केलेल्या माणसाला विचाराल तर यासारखी गोष्ट माझ्या काळात दुसरी झाली नाही.

आणि त्या स्कॅननेच पुढचा घोळ समोर आणला. स्मरणशक्ती उत्तम असलेल्या लोकांच्या मेंदूतही अमायलॉइड सापडू लागलं. २०१५ साली अनेक देशांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा बुद्धी शाबूत असलेल्यांमध्ये पन्नाशीत सुमारे १० टक्के लोकांच्या तपासणीत अमायलॉइड निघालं, नव्वदीत सुमारे ४४ टक्के. अमेरिकेत ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा (नन) म्हातारपणभर अभ्यास झाला, त्यांनी मृत्यूनंतर मेंदू देऊन ठेवले होते. त्यांतल्या एक सिस्टर मेरी १०१ वर्षांच्या होऊन गेल्या, शेवटपर्यंत चाचण्यांमध्ये चांगले गुण मिळवत होत्या. मेंदू उघडला तर पुंजके आणि गुंते भरपूर. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण अमायलॉइड असलेला प्रत्येक जण स्मृतिभ्रंशापर्यंत पोहोचतोच असं नाही. अमायलॉइड असलेल्या निरोगी माणसाला ‘अल्झायमर आहे’ म्हणायचं की ‘धोका आहे’ यावर तज्ज्ञांमध्ये सध्या चांगलीच जुंपली आहे. २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी आपापले निकष मांडले. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे: लक्षणं नसलेल्या माणसाची नेहमीच्या दवाखान्यात ही तपासणी करू नये. भांडणाऱ्या दोन पक्षांचं जिथे जमतं, तिथे आपण ऐकावं.

तो ज्या औषधांबद्दल बोलतोय, त्यांतलं लेकानेमॅब अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यतेला पोहोचलं, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधं अमायलॉइड साफ करतात, स्कॅनवर ते स्पष्ट दिसतं. पेशंटमध्ये दिसणारा फरक लहान आहे. लेकानेमॅबच्या चाचणीत दीड वर्षात ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला. अठरा गुणांच्या मापावर हा फरक ०.४५ गुणांचा. औषध घेणाऱ्या १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली, बहुतेकांना ती जाणवलीही नाही, पण म्हणूनच या औषधाबरोबर वारंवार एमआरआय करावे लागतात. आणि ते दिलं जातं ते सुरुवातीची लक्षणं असलेल्यांनाच. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अमायलॉइडचा माग काढणाऱ्या रक्ततपासणीला परवानगी मिळाली, तीही लक्षणं असलेल्यांसाठीच. तुम्ही यातल्या कशातच बसत नाही. पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड निघालं तर तुम्हाला द्यायला आज कुणाकडे औषध नाही, फक्त काळजी आहे. नाही निघालं तरी दोन वर्षांनी पुन्हा करायचं का, हा प्रश्न उरतोच. मुलाला हा परिच्छेद पाठवून द्या. इतक्या लांबून आईसाठी काहीतरी करावंसं वाटतं, आणि स्कॅनचे पैसे भरणं हे तिथून करता येणारं सगळ्यात सोपं काम आहे.

विद्यार्थ्याचं नाव रात्री नऊला आठवलं, ते मला बरं वाटलं. नाव गेलं नव्हतं, हाती लागायला उशीर झाला. विशेषनामं वयाबरोबर अशीच अडतात. आईच्या आजारात असं नसतं. तिथे माणूस भेटलाच नव्हता असं होतं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा येतो, कुकरला आधी पाणी की डाळ हे अडतं, ओळखीच्या गल्लीत घर सापडत नाही, आणि हे बहुतेक वेळा पेशंटच्या आधी घरच्यांना कळतं. तुम्ही काळजीने तीन परिच्छेद नीट, क्रमाने लिहिलेत. मला तरी त्यात काही दिसलं नाही. तरीही एकदा न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मेमरी क्लिनिकमध्ये जाऊन कागद-पेन्सिलीची चाचणी द्या: घड्याळ काढा, शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा (यात तुम्ही डॉक्टरांना हरवाल). मराठीतूनच द्या. ते गुण नोंदलेले असले की पुढे तुलनेला स्कॅनपेक्षा जास्त उपयोगी पडतात. त्याच फेरीत बी-१२ आणि थायरॉइड बघून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्याने येणारा विसराळूपणा वेळेत पकडला तर औषधाने सुधारू शकतो. कानाच्या डॉक्टरांनी ऐकू येण्याची तपासणी केली नसेल तर तीही. ऐकू कमी येणं हे टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानलं जातं.

आई ऐंशीनंतर आजारी पडली. आईला झाला म्हणून तुमचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त, हे मी लपवत नाही. पण भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २०२३ च्या पाहणीत ७.४ टक्के निघालंय. त्यावर ‘काहीसा जास्त’ धरला तरी पारडं तुमच्या बाजूला झुकतं. माहेर निपाणीचं म्हणजे कानडी येत असणार. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ पेशंटच्या नोंदी पाहिल्या, २०१३ साली त्या छापून आल्या. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक टिकला. भाषेनेच आजार लांबला असं त्यातून सिद्ध होत नाही, निरीक्षणं आहेत ती. तरी कानडी बोलायला माणूस असेल तर बोला, नुकसान काहीच नाही.

आता रिपोर्टातली ‘फॅझेकास ग्रेड वन’ ही ठिपक्यांची ओळ, आणि तिच्याबरोबर तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या द्रव्यात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, पलीकडच्या तंतूंना रक्त कमी पोहोचतं, आणि एमआरआयवर तिथे पांढरे ठिपके दिसतात. १९८७ साली फ्रान्झ फॅझेकास आणि सहकाऱ्यांनी त्यांची शून्य ते तीन अशी प्रतवारी लावली. तुमची एक: सुटे सुटे ठिपके. तुमच्या वयात हे सर्रास दिसतं. दोन म्हणजे ठिपके एकमेकांना मिळू लागलेत, तीन म्हणजे मोठे पट्टे झालेत, आणि तिथे चालणं, विचारांची चपळाई, स्मरण, सगळ्यावर परिणाम दिसतो. एकवरून दोनकडे जायचं की नाही यावर मात्र तुमचा बराच ताबा आहे. अमायलॉइडवर कुणाचाच तितका नाही.

अमेरिकेत स्प्रिंट नावाची मोठी चाचणी झाली. पन्नाशीपुढच्या रक्तदाबाच्या पेशंटचे दोन गट केले, एकाचा वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्याचा १२० च्या. २०१९ मध्ये मेंदूचे निष्कर्ष आले. साधारण चार वर्षांत पहिल्या गटात ठिपक्यांचं आकारमान १.४५ घन सेंटिमीटरने वाढलं, दुसऱ्यात ०.९२ ने. स्मरणशक्ती किंचित ढासळण्याची अवस्था दुसऱ्या गटात १९ टक्क्यांनी कमी दिसली. पूर्ण स्मृतिभ्रंशातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे उतरली नाही, कारण हृदयावरचे फायदे लवकर दिसल्यामुळे चाचणी आधीच थांबवली होती. गंमत म्हणजे दाब जास्त उतरवलेल्या गटाचा मेंदू एकूण आकाराने थोडा जास्तच आकसला. म्हणजे वहिनींच्या ‘सुकण्या’कडे बघितलं असतं तर तो गट वाईट ठरला असता, आणि माणसांकडे बघितलं तर चांगला. आकाराच्या एका आकड्यावर का जाऊ नये, ते यात दिसतं.

तुम्ही १२० गाठा असं मी म्हणत नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पण १५४ नको. आणि आता तुमचं वाक्य बघा. गोळी चुकवता, का तर चक्कर तिच्याने येते असं वाटतं. पण चक्कर कुणी घालवली? कानाच्या डॉक्टरांनी, एकही गोळी न देता. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळीत कॅल्शियमचे बारीक कण सरकले होते, म्हणून कूस बदलली की खोली फिरायची. मान वळवून त्यांनी ते कण जागेवर नेले. या चकरेशी गोळीचा संबंध नव्हता. कानाच्या त्रासाची शिक्षा गोळीला झाली, आणि तुमच्या अख्ख्या रिपोर्टात ज्या एका गोष्टीवर इलाज आहे, त्यावरचा इलाज तुम्ही आठवड्यातून दोन-तीन दिवस बंद ठेवलात.

तेव्हा फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि चुकवलेल्या दिवसांसकट सगळं सांगा. नाहीतर १५४ बघून ते डोस वाढवतील आणि मग तुम्ही रोज घ्यायला लागलात की दाब खरोखरच जास्त उतरेल. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा. उभं राहिल्यावर खूप उतरत असेल तर औषध बदलता येतं, डोस किंवा वेळ बदलता येते; त्यासाठी पर्याय भरपूर आहेत. घरी दंडाला बांधायचं मशीन घ्या (मुलाला पैसे खर्चच करायचे असतील तर हे करू दे), आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहून ती डॉक्टरांना दाखवा. आकडेवारी कशी मांडायची हे तुम्हाला शिकवायला नको. चालायला जात असाल तर सोडू नका. वर्षभर चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस दोन टक्क्यांनी वाढल्याचं २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात आलं होतं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तेवढं दिसलं नाही, पण दाबाला आणि झोपेला चालण्याचा फायदा आहेच.

पुढचा एमआरआय कॅलेंडर बघून करू नका. घरातल्यांना तुमच्यात बदल जाणवला, वाटा चुकू लागल्या, किंवा चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊन लघवीवरचा ताबाही सुटू लागला, तर न्यूरॉलॉजिस्टच सांगतील आणि तेव्हा ही सीडी घेऊन जा. तोंड अचानक वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मात्र फोनाफोनी न करता थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. गोळी बदलून मिळेपर्यंत सध्याची रोज ठरल्या वेळी घ्या, आणि सकाळी उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभ्या राहा.